डाव्या खांद्यावरची झीज

परळच्या दुकानातून मुलतानी माती घेतली आणि माझ्या तान्ह्या मनवाला खांद्यावर घेऊन मी कारखान्यात गेले. रोजच्यासारखीच. आमचा कारखाना म्हणजे लालबागच्या चाळीतला मागचा गाळा. तिथे नाटक-सिरियलची चिलखतं, ढाली बनतात. फोमचं चिलखत, वर चंदेरी रंग. नवं असताना अगदी खेळण्यातलं दिसतं. ते जुनं करायचं माझं काम. कडा पॉलिश पेपरने घासायच्या, काळ्या रंगाचं पाणी फिरवून पुसायचं, मग फेविकॉल लावून चाळलेली वाळू भुरभुरवायची. वाळवंट तुडवून आलेला शिपाई वाटला पाहिजे.

कारखान्याचे मालक अण्णा. त्यांनीच मला शिकवलं. "आधी माणूस डोळ्यासमोर आण. तलवार कुठे लटकते, ढाल कुठे घासते, तिथेच झीज दाखव. पण त्याला घरदार देऊ नको हां, गो."

"का हो अण्णा?"

"मग त्याचा पाय लढाईकडे निघत नाही."

मला वाटलं, म्हातारा मस्करी करतोय.

माझी मनवा अजून रांगत नव्हती. छातीत सारखी घरघर. आडवी केली की श्वास अडकायचा, म्हणून कायम माझ्या डाव्या खांद्यावर. डोळा लागला आणि हिचा श्वास थांबला तर, या धास्तीने मी झोपच विसरले होते.

त्या दिवशी हात आपोआप चालले असावेत. कोपऱ्यातल्या पुतळ्यावर चढवलेल्या चिलखताच्या डाव्या खांद्यावरची वाळू मी पुसून काढली, तेवढा भाग घासून गुळगुळीत केला.

"इथे काय घासलं याचं?" अण्णांनी विचारलं.

"याची पोर इथे डोकं ठेवते," मी हसत म्हटलं.

अण्णा हसले नाहीत. "उद्या माल जायच्या आधी तो खांदा मळव."

संध्याकाळी ते चहाला गेले. मनवाला मी झोळीत टेकवून बसवलं आणि माती कालवायला वळले. तेवढ्यात लाइट गेली. मेणबत्ती शोधायला हवी होती. पण अंधारात डोळे असे जड झाले की टेबलावर डोकं कधी टेकलं, कळलंच नाही.

जाग आली ती शांततेने. घरघर नव्हती.

चाचपडत झोळीला हात लावला. रिकामी.

ओरडायला तोंड उघडलं आणि वास आला. उन्हात तापलेल्या वाळूचा, घोड्याच्या घामाचा. कोपऱ्यातून आवाज... थप... थप... बाळाच्या पाठीवर थोपटतात तसा. कोणीतरी हलक्या पावलांनी येरझाऱ्या घालत होतं.

"दादा..." मी अंधारात हात पुढे केले. "लेकरू माझं आहे... द्या..."

पावलं थांबली. मग जवळ आली. माझ्या खांद्यावर मनवाचं ऊबदार वजन अलगद उतरलं. निजलेलं मूल दुसऱ्याच्या हातात देताना मान सावरतात ना, तशी मान सावरून.

लाइट आली. चिलखत कोपऱ्यात पुतळ्यावर जागच्या जागी होतं. त्या पुतळ्याला हात नाहीत. गुळगुळीत खांद्यावर लाळेचा ओला डाग होता. आणि मनवाचा श्वास मोकळा, स्वच्छ चालला होता.

दुसऱ्या दिवशी मातीत ब्रश बुडवला, पण त्या खांद्यावर फिरवणं होईना. टेम्पो आला.

"मळवलास?" अण्णांनी विचारलं.

मी मान खाली घातली. त्यांनी मनवाच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ. चिलखत गेलं.

दिवेलागणीला नायगावच्या खोलीत मनवाची छाती परत वाजू लागली. मी तिला उचललं. तिने दाराकडे पाहिलं, हसली, आणि कामावरून आलेल्या बापाकडे झेपावं तसे दोन्ही हात पुढे केले.

दारात कोणी नव्हतं. उंबऱ्यावर वाळू करकरली.

घरघर थांबली. मी तिला कवेत घट्ट धरून होते, हात सोडले नव्हते... तरी माझ्या हातातलं तिचं वजन हळूहळू कमी होत गेलं.