चाळीस मोजेपर्यंत

टेकडीच्या अर्ध्या वाटेवर ती दगडावर टेकली, तिथेच चुकलं. पाठीवर वीस-बावीस किलोंचं ओझं घेऊन बसणं सोपं असतं. उठणं हा निराळाच विषय. पेटीएवढा लाकडी कॅमेरा, त्याचं भिंग, फिल्मचे होल्डर, काळं कापड... सगळं पाठीवर, आणि हातात भलामोठा स्टँड. तिने एकदा जोर लावला, दोनदा लावला. तिसऱ्यांदा पाय हवेत गेले आणि बाईसाहेब उलट्या झुरळासारख्या पाठीवर आडव्या!

"मदत करू, की व्यायाम चाललाय?"

वर एक चेहरा होता. उन्हाने रापलेला, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं. त्याच्याही खांद्यावर एक स्टँड होता, शिवाय मोठी छत्री.

"आधी उठवा, मग पोटभर हसा," ती म्हणाली.

त्याने हात धरून ओढलं, पण ओझंच वरचढ ठरलं आणि तोच तिच्या शेजारी गवतात येऊन पडला. क्षणभर दोघं आभाळाकडे बघत राहिले... मग एकदमच हसत सुटले.

तो जमिनीची मोजणी करणारा. टेकडीखालच्या बंद कारखान्याच्या जागेतून नवा रस्ता जाणार होता आणि त्याआधी तिथलं विटांचं उंच धुराडं पाडणार होते. ती आली होती त्याच धुराड्याचा शेवटचा फोटो काढायला. नगरपालिकेच्या सभागृहात लावायला, भिंतभर मोठा. खरं तर काम काकांचं, पण काकांच्या गुडघ्यांनी टेकड्यांना कधीच रामराम ठोकला होता. "चिमणे, एक निगेटिव्ह नीट आण," काका म्हणाले होते, "की स्टुडिओची बाहेरची सगळी कामं तुझी. नाहीतर पासपोर्टचे फोटो आहेतच." सहा वर्षं लोकांना 'हसू नका, समोर बघा' सांगून ती इतकी विटली होती की पासपोर्ट हा शब्द ऐकला तरी तिला जांभई यायची.

पहिला दिवस धुक्याने खाल्ला. धुकं हटलं तेव्हा ऊन फोटोला नको इतकं डोक्यावर आलेलं. तेवढ्यात त्याने काळ्या कापडात डोकं घालून मागच्या काचेत पाहिलं आणि ओरडलाच, "अहो, धुराडं उलटं आहे!"

"त्यात सगळं उलटंच दिसतं."

"मग मी कसा दिसेन?"

"तुम्ही कदाचित सरळ दिसाल," ती म्हणाली, आणि आपण हे इतक्या पटकन कसं बोललो याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी आभाळ लख्ख होतं. तिने भिंग उघडून काचेवर वीट न् वीट स्पष्ट केली, होल्डर सरकवला... आणि तो म्हणाला, "कानातले छान आहेत हं. काल नव्हते." ती गोंधळली. "जुनेच आहेत," असं काहीतरी पुटपुटत तिने फिल्मवरची उजेड अडवणारी पट्टी ओढून काढली. भिंग उघडंच! फिल्मवर उजेडाचा लोंढा. दुसरी फिल्म तयार करेपर्यंत सकाळचा तो कोवळा उजेडही गेला.

"तुम्ही बोलता म्हणून झालं हे!"

"भिंग मी उघडं ठेवलं?"

खरं होतं, म्हणून तिला जास्तच राग आला. ती तणतणत टेकडी उतरली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. म्हणजे, एकदाच पाहिलं.

तिसरा दिवस शेवटचा. दुपारी धुराडं पडणार होतं. आणि नेमका वारा सुटला. कॅमेऱ्याचा कापडी भाता थरथरायला लागला. अशात फोटो म्हणजे विटांची खिचडीच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं... इतक्यात वारा थांबला. म्हणजे वारा होताच; वाऱ्याच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये मोजणीची ती मोठी छत्री उघडून तो उभा होता, ओठांवर बोट ठेवून.

"चाळीस सेकंद," ती हळूच म्हणाली. "भिंगाचं छिद्र बारीक ठेवलंय, म्हणून एवढा वेळ. मी हे बटण दाबून धरलं की भिंग उघडं राहणार. मी हलायचं नाही, छत्रीने तर मुळीच नाही. मोजाल?"

"मोजण्यावरच तर पोट आहे माझं."

भिंग बंद आहे ना? तिने दोनदा पाहिलं. पट्टी काढली. बटण दाबलं.

"एक... दोन... तीन... तुम्हाला आता हलता येणार नाही ना? पाच... म्हणजे पळूनही जाता येणार नाही. सात... माझी बदली झालीये. पार दुसऱ्या टोकाला. दहा..."

तिचा अंगठा बटणावरून निसटता निसटता राहिला.

"अंगठा सांभाळा. बारा... काल साहेबांना म्हटलं, मी जात नाही. रस्त्याचं काम दोन वर्षं चालेल, मला इथेच ठेवा. अठरा... साहेब म्हणाले, या धुळीत काय ठेवलंय? वीस... म्हटलं, काम आवडलंय. साफ खोटं बोललो. ते म्हणाले, उद्या पक्कं सांग. तेवीस... मला तुम्ही आवडलात. गवतात पडलो ना, तेव्हापासून. सत्तावीस..."

तिच्या पोटात हसू, डोळ्यांत पाणी. आणि अंगावरचा एक केसही हलवायची सोय नाही! तिने ओठ घट्ट दाबून धरले. हे चाळीस लवकर संपावेत असंही वाटत होतं आणि संपूच नयेत असंही.

"एकोणचाळीस... चाळीस!"

बटण सुटलं. पट्टी आत गेली. तिने श्वास सोडला.

"रागावलात?" त्याने विचारलं.

"छत्री खाली करू नका! दुसरी फिल्म आहे. काकांचा नियम... एका फोटोच्या दोन घ्यायच्या." तिने होल्डर उलटा करून मागच्या बाजूची फिल्म पुढे आणली. "आता मी मोजणार. तुम्ही गप्प."

भिंग बंद, पट्टी बाहेर, बटण आत.

"एक... दोन... काल मला इतका राग आला की मी जेवले नाही. सहा... फिल्मचा नव्हता तो राग. नऊ... तुमच्यावर ओरडले, त्याचा होता. बारा... आज हे एवढं ओझं घेऊन मी टेकडी धावत चढले. सतरा... फोटोसाठी धावतेय असं स्वतःला सांगत होते. मीही साफ खोटंच. बावीस... जाऊ नकोस. पंचवीस... मलाही तू आवडतोस. खूप. एकोणतीस... तीस..."

एकतीसला छत्री हलली. नुसती हलली नाही, उडालीच.

संध्याकाळी काकांनी धुतलेल्या दोन्ही निगेटिव्ह दिव्यासमोर धरल्या. पहिलीत वीट न् वीट मोजून घ्यावी. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "उद्यापासून बाहेरची कामं तुझी, चिमणे."

मग त्यांनी दुसरी नीट पाहिली. "ही का गं हलली?"

"वारा होता, काका."

"पहिलीच्या वेळी नव्हता?"

ती कानापर्यंत लाल झाली. काकांनी चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि शांतपणे म्हणाले, "रविवारी त्या वाऱ्याला चहाला घेऊन ये. जन्मभर तुझा स्टँड कोण उचलणार आहे, ते मला एकदा बघू दे."