मूठ नसलेली करवत

आटपाट रान होतं. त्या रानाच्या कडेला एक सुतार होता, सुताराची बायको होती, सुताराची आई होती, आणि जेमतेम दोन महिन्यांचं एक तान्हं होतं. घर तेवढं नव्हतं. चौघं ताडपत्रीखाली राहायची. थंडी तोंडावर आलेली, आणि तान्हं खोकत होतं.

घराचा आराखडा सुताराच्या वडिलांनी डोळे मिटण्याआधी काठीनं मातीत काढून दाखवला होता. ओंडक्यावर ओंडका, कोपऱ्याला खाचेत खाच. त्यांची एक रीत होती. ओंडका उचलण्याआधी त्याच्यावर बोटांनी तीनदा टकटक करायची आणि जरा थांबायचं. म्हणायचे, "आत कुणी राहत असेल, त्याला निघायला वेळ नको का द्यायला? दुसऱ्याला कोंडून आपलं घर उभं राहत नसतं."

सगळ्या ओंडक्यांवर टकटक झाली. शेवटचा, आढ्याचा तेवढा राहिला. तो चढवण्यासाठी भिंतीशी आणताना निसटला आणि सुताराच्या पायावर आला. पाय सुजून भोपळा झाला. त्या धांदलीत सासूसुनेनं दोर बांधून, दात-ओठ खात तो कसाबसा वर ओढला. छपराच्या फळ्याही ठोकून झाल्या. टकटक कुणाच्या लक्षातच आली नाही.

आता उरला दरवाजा. ओंडक्याच्या घराची हीच गंमत. भिंती आधी सलग रचायच्या, दरवाजा मागून कापून काढायचा. त्यासाठी दोघांनी ओढायची लांब करवत लागते. एक माणूस बाहेर, एक आत. आतल्यानं शिडीवरून चढून धूर जायला आढ्याखाली ठेवलेल्या भोकातून उतरायचं. आणि दोघांनी फक्त ओढायचं, ढकलायचं कुणीच नाही.

त्या दिवशी भरदुपारी धुकं उतरलं. हात लांब केला तर बोटं दिसेनात. सकाळीच सासूसुनेची वाजली होती.

"तुझ्या हाताला घाई फार," सासू म्हणाली होती.

"आणि तुमच्या तोंडाला," सून म्हणाली होती.

तेव्हापासून सासूनं अबोला धरलेला. तरी जाता जाता भिंतीकडे बघत बोललीच, "कुणाला सांगायचं असेल तर सांगा, पोर निजलं की मी आत उतरते."

सुनेनं करवतीची पलीकडची मूठ काढली, कमरेला खोचली, आणि नुसतं पातं भिंतीच्या फटीतून आत सरकवलं. सासू उतरली की भोकातून मूठ द्यायची, असा बेत. ती वाट बघत उभी राहिली. ओल्या सालीचा वास, छपरावरून टपटपणारं पाणी, दुसरं काही नाही.

तेवढ्यात आतून पातं ओढलं गेलं.

"आलात का आई?"

अबोला पक्का दिसतोय, सून मनाशी हसली. तिनं ओढलं. आतून ओढलं गेलं. घर्र... घर्र... लाकूड लोण्यासारखं कापत चाललं. एक बाजू झाली, दुसरी लागली. सासूच्या हातात एवढा जोर आहे, याचं तिला नवल वाटलं. सकाळी बोलल्याचं वाईटही वाटलं.

"आई, रागावू नका हो... तुम्ही होता म्हणून झालं हे."

करवत क्षणभर थांबली. मग परत सुरू झाली, जरा हळू.

शेवटचा ओंडका कापला गेला, आणि मागून आवाज आला, "अगं, माझ्यावाचून कापलंस कसं? पोर आत्ता कुठं निजलं!"

सून वळली. सासू धुक्यातून येत होती, पदराला हात पुसत.

"आई... मग आत कोण आहे?"

तोच आतून आवाज आला.

टक. टक. टक.

मग शांतता. कुणीतरी जरा थांबल्यासारखी.

"बाजूला हो!" सासूनं सुनेला दंडाला धरून खेचलं. कापलेले सगळे तुकडे धडाधड बाहेर कोसळले, सून उभी होती नेमके तिथेच.

आत कुणी नव्हतं. जमिनीवर भुशाचा थर, पिठासारखा सपाट, त्यावर एक पाऊल नाही. सुनेचा हात आपसूक कमरेला गेला. मूठ तिथेच होती.

सासू वर आढ्याकडे बघत राहिली. "ह्याच्यावर टकटक केली नव्हती ना गं आपण?" ती हळूच म्हणाली. मग तिनं हात जोडले. "कोंडलं आम्ही, आणि वाट तूच करून दिलीस. बाबा, निघायचं तर नीघ. राहायचं तर राहा. घर तुझंही आहे."

त्या रात्री चुलीशेजारी तान्हं खोकल्यावाचून झोपलं. सुताराचा पाय बरा झाला. घर मुलांनी भरलं, पुढे नातवंडांनी. खोल्या वाढत गेल्या. सासूसुनेचा अबोला मात्र पुन्हा झाला नाही, कारण एकमेकींना हाक मारून "तुम्हीच ना?", "तूच ना?" असं विचारल्याशिवाय दोघी कामाला हात लावायच्या नाहीत.

आजही त्या घरात नवी खोली काढली की भिंती सलग रचतात, करवतीची एक मूठ काढून ठेवतात, पातं फटीतून आत सरकवतात आणि वाट बघतात. आत कुणीही उतरत नाही.

उतरावं लागत नाही.