चौथा टोल

कासू गावच्या ढोलपथकात हैबतराव, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, सगळ्यांत जुने. मळणीयंत्रात उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हापासून त्यांचा चौथा टोल जरा मागे राहायचा. "अण्णांचा टोल पुढच्या गाडीनं येतो," असं सगळे चिडवायचे आणि अण्णा गालातल्या गालात हसायचे. गणपती झाले आणि अण्णा गेले. त्यांचा ढोल पडवीत खुंटीला लागला.

"दोर सैल कर रे त्याचे," त्यांची बायको गिरजाबाई मुलाला, सुजयला म्हणाली. "वाजवणारा गेला की ढोल आवळलेला ठेवत नाय."

"करतो गो आये."

पण राहून गेलं. डोलवीच्या कारखान्यातल्या शिफ्टा होत्या आणि बायकोला, समीक्षाला सातवा महिना होता. आधीची दोन पोटातच गेलेली. आता हे एक तरी हाती लागावं, एवढीच धास्ती सुजयच्या जिवाला लागून होती.

त्याच आठवड्यात त्याचा मित्र झुबेर दुबईहून सुटीवर आला. त्याचा फोरमन पोर्तुगालचा. त्याच्या गावातही पथक आहे, कमरेएवढे ढोल गळ्यात अडकवून जत्रेत घरोघर फिरतं. त्याला दाखवायला म्हणून झुबेरनं सुजयच्या अंगणात अकरा जणांचं वादन मोबाईलवर घेतलं आणि पाठवून दिलं.

पंधरा दिवसांनी तिकडून व्हिडिओ आला. दगडी फरसबंदीच्या चौकात वीसेक बायाबाप्ये ढोल बडवत होते.

"ऐकून ऐकून तुमचा ठेका बसवला, म्हणतात," झुबेर म्हणाला.

सुजयला आधी हसू आलं, अभिमानही वाटला. मग ते हसू मावळलं. तीन टोल नीट पडत होते. चौथा वीसही जणांचा मागे राहत होता.

"आपण असं वाजवलं नाय. आपलं लाव."

झुबेरनं अंगणातला व्हिडिओ लावला. चौथ्या टोलाला अकरा टिपरं पडली, अकरा वर उचलली गेली.

हात वरच होते, तेव्हा आणखी एक टोल आला.

झुबेरनं मोबाईल बंद केला. "मागं पडवीत काय टांगलंय ते उतरव," तो हळूच म्हणाला. "आजच्या आज."

ऊन कलताना सुजयनं ढोल उतरवला. दोर सुटत गेले तसं ढोलाचं ताणलेलं पान ढिलं पडलं. त्यानं बोटानं वाजवून पाहिलं, आवाज नाही. त्याचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी पेणला तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी समीक्षाच्या पोटावर यंत्र टेकवलं. खोलीत ठोके घुमू लागले. बाईंनी यंत्र जरा सरकवलं, पुन्हा ऐकलं.

"ठोका मधेच अडखळतोय," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी असं नव्हतं."

सुजयची बोटं गुडघ्यावर आपोआप मोजू लागली.

एक. दोन. तीन.

मग, उशिरानं, चौथा.

समीक्षानं त्याचा हात धरला. "काल सांजेपास्नं आत असंच ठोकतंय ओ," ती म्हणाली. "तुम्ही पडवीत दोर सोडत होतात ना, तेव्हापास्नं."