बंद पेटीतला श्वास

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. निम्मं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय आणि निम्मं माझ्या धाकट्या नणंदेच्या. पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या. मी वाद घालणार नाही.

आणि यात काळोखी रात्र वगैरे नाही. शनिवारची भर दुपार होती. कारखान्याचा तिसरा मजला, सगळे दिवे लखलखीत चालू.

माझ्या नणंदेला घरात सगळे काडी म्हणतात. अंगाने आहेच तशी. तिला थापा मारता येत नाहीत. सकाळी तिची चेष्टा केली तर ती तिला संध्याकाळी कळते. अशी बाई पांढरीफटक होऊन काही सांगायला लागली की ऐकून घ्यावं लागतं.

काडीचं काम काचेच्या तारांवर. केसाएवढी बारीक तार, तिच्यातून उजेड सोडायचा. तारेचं वरचं साल बोटभर जागेत काढायचं, त्या उघड्या जागेवर लेप चढवायचा आणि तार भट्टीत भाजायची. लेप इतका पातळ की डोळ्यांना नुसती रंगाची झाक दिसते. अशी तार पाण्यात बुडवली की लेपापाशी उजेडातला एक रंग गळतो. मिठाच्या पाण्यात बुडवली की दुसरा गळतो. पाण्यात पेन्सिल वाकडी दिसते ना, ती किती वाकडी दिसणार हे पाण्यात काय आणि किती मिसळलंय त्यावर ठरतं. शाळेत त्याला अपवर्तनांक म्हणायचे. तार तोच मोजते, आणि कॉम्प्युटर त्याची रेघ काढतो.

आमच्या घराचा जीव त्या रेघेत अडकलेला होता. सासूबाईंची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. हॉस्पिटलातल्या नव्या मशीनमध्ये रक्त धुणारं पाणी योग्य दाट आहे की नाही, हे काडीच्या कारखान्यातली तार बघायची. ते पाणी पातळ झालं तर रक्त बिघडतं. माणूस खाटेवरून उठत नाही.

"माझ्या हातची तार आईला सांभाळते," असं काडी म्हणायची. तेवढाच काय तो तिचा तोरा.

हे काम तिला मास्तरांनी शिकवलं. मास्तर म्हणजे तिथले सगळ्यात जुने कारागीर. त्यांची एक खोड होती. भट्टीतून निघालेली प्रत्येक तार ते तोंडासमोर धरायचे आणि चष्मा पुसताना करतो तसं 'हाः' करायचे. वाफ बसली की कॉम्प्युटरवरची रेघ झपकन खाली जायची, वाफ उडाली की जागेवर परत यायची.

"जाते सगळ्यांचीच, पोरी," ते म्हणायचे. "परत येते का, ते बघायचं."

कारण कच्चा भाजलेला लेप ओल धरून ठेवतो. तशा तारेची रेघ परत येता येता मध्येच लटकते. आज बरोबर सांगेल, उद्या धडधडीत खोटं सांगेल.

मास्तरांना दमा होता. त्यांचा श्वास एका दमात जायचा नाही. जायचा... अडखळायचा... जायचा. रेघेतही तशीच मध्ये एक पायरी पडायची. कामावरच्या बायका तिला मास्तरांची सही म्हणायच्या. सही झाल्याशिवाय तार बाहेर पडत नसे.

मग नवे साहेब आले. हॉस्पिटलच्या वस्तूला तोंडाची वाफ लावायची नाही म्हणाले. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. त्यांनी एक पेटी आणली. वर काचेचं झाकण, आत कोरडी हवा, आणि ओल मोजायला एक काटा. तारा आत मांडायच्या, मिठाच्या पाण्यात बुडवून आकडा जुळला की पास.

"पेटीला श्वास नाही, साहेब," मास्तर म्हणाले.

साहेब हसले. मास्तर नाही हसले.

थंडी सुरू झाली आणि दम्याने मास्तर गेले. काडी चार दिवस धड जेवली नाही. मग पुन्हा कामाला लागली. पोटासाठी काम कुणाला चुकलंय?

आता त्या शनिवारचं सांगते.

आदल्या दिवशी काडीकडून एक चूक झाली होती. भट्टीत एका वेळी एकच ट्रे ठेवायचा, नाहीतर खालच्याला आच पुरत नाही, हा मास्तरांचा दंडक. पण शुक्रवारी सासूबाईंचे पाय फार सुजले होते. काडीचा जीव घरी लागलेला. लवकर निघता यावं म्हणून तिने एकाखाली एक असे दोन ट्रे आत सरकवले. शनिवारी सकाळी पेटीत तपासल्या तर सगळ्या तारांचे आकडे जुळले. सगळ्या पास.

तेवढ्यात हॉस्पिटलचा माणूस आला. तिथल्या एका मशीनची तार तुटली होती. त्याने एक तार हातोहात नेली.

शनिवारी अर्धा दिवस. दुपारी सगळे निघून गेले. बाकीच्या तारा डब्यांत भरायच्या म्हणून काडी एकटीच थांबली. भरायच्या आधी पेटीत मांडून एकेका तारेची शेवटची रेघ काढायची असते. तिने झाकण लावलं, कड्या घातल्या, पहिली तार जोडली. रेघ सरळ चालली होती.

आणि पेटीचा पंखा थांबला.

त्या पंख्याची घरघर दिवसभर कानात असते. ती थांबल्यावर खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली, असं काडी म्हणाली. जिना, लिफ्ट, खालचा रस्ता... कशाचाच आवाज येईना.

मग रेघ हलली.

खाली गेली... अडखळली... अजून खाली गेली.

आणि हळूहळू जागेवर परत आली.

काडीने आधी जोडणीला दोष दिला. टोक काढलं, पुसलं, पुन्हा बसवलं.

गेली... अडखळली... गेली.

परत आली.

तिने पेटीतल्या काट्याकडे पाहिलं. काटा तळाला चिकटलेला. आत ओल नाही. कणभरही नाही.

मग वास आला... खोकल्याच्या गोळीचा. मास्तरांच्या गालात दिवसभर असायची, ती.

काडीने मान वळवली. मागे कुणी नव्हतं. मास्तरांचं स्टूल ते गेल्यापासून कोपऱ्यात उलटं करून ठेवलेलं होतं.

ते सरळ होतं.

"अगं, मग पळून का नाही आलीस?" मी तिला नंतर विचारलं.

"तार जोडलेली होती, वहिनी," ती म्हणाली. "जोडलेली तार सोडून उठायचं नाही, असं मास्तरांनी शिकवलंय."

तिने दुसरी तार जोडली. बंद झाकणाच्या काचेवर, आतल्या बाजूने, रुपयाएवढी वाफ धरली... आणि विरून गेली. रेघ गेली, अडखळली, गेली, परत आली. तिसऱ्या तारेचं तसंच. वरच्या ट्रेमधल्या सगळ्या तारा झाल्या. सगळ्यांवर सही झाली.

मग तिने खालच्या ट्रेमधली पहिली तार जोडली.

रेघ गेली... अडखळली... गेली...

आली नाही.

मध्येच लटकून राहिली. काडी बघत बसली. पुढची तार जोडली, तीही लटकली. त्यापुढचीही. खालच्या ट्रेमधली एकही रेघ परत येईना.

आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सकाळी त्या माणसाला घाईघाईत तार दिली होती, ती खालच्या ट्रेमधली होती.

आता माझ्या डोळ्यांसमोरचं.

त्याच वेळी मी हॉस्पिटलात सासूबाईंच्या खाटेशेजारी बसले होते. डायलिसिस सुरू होतं. त्यांचा डोळा लागला होता. मी मोबाईल चाळत होते.

सासूबाईंनी डोळे उघडले.

"कोण खोकतंय गं?"

"कुणी नाही, आई. झोपा तुम्ही."

खरंच कुणी खोकत नव्हतं. शेजारचे पेशंट झोपलेले, सिस्टर टेबलापाशी लिहीत होत्या.

"इथेच तर खोकतंय," त्या म्हणाल्या. आणि मशीनकडे बोट केलं.

मी मशीनकडे पाहिलं. त्या पाण्याचा आकडा एरवी जागचा हलत नाही. तो खाली घसरला... थांबला... पुन्हा घसरला. मशीन ओरडायला लागलं. सिस्टर आल्या, त्यांनी एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. आकडा तिथेच लटकलेला.

"सकाळीच नवी तार घातलीय, आणि आता हिची नाटकं," असं पुटपुटत त्यांनी मशीन बंद केलं आणि सासूबाईंना शेजारच्या मशीनवर घ्यायची तयारी सुरू केली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. काडी होती. तिला धाप लागली होती.

"वहिनी, आईचं मशीन बंद करायला सांग. आत्ता. आधी सांग, मग बोलू."

"झालंय बंद. आत्ताच."



"कुणी केलं?"

"सिस्टरनी."

"त्याआधी कोण होतं तिथे?"

 मी खाटेच्या पलीकडे बघत होते. तिथे एक रिकामं स्टूल होतं. ते आधीपासून होतं की नाही, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही.

पाणी तपासलं तेव्हा ते पातळ निघालं. बरंच पातळ. मिसळणारा पंप बिघडला होता आणि तार सगळं ठीक असल्याचं सांगत होती. "आणखी थोडा वेळ चाललं असतं तर..." एवढं बोलून डॉक्टरांनी वाक्य तिथेच सोडलं. मी ते पूर्ण करायला सांगितलं नाही.

साहेब त्याच संध्याकाळी कारखान्यात आले. काडीने दोन ट्रेंचं कबूल केलं. खालच्या ट्रेमधल्या सगळ्या तारा त्यांनी मोडून टाकल्या. पेटीचं रबर सैल झालं असेल, बाहेरची दमट हवा आत गेली असेल, असं म्हणाले. मग त्यांनी ओलीच्या काट्याची नोंद उघडली. दुपारभर काटा शून्यावर होता. साहेब त्या नोंदीकडे खूप वेळ बघत राहिले.

सोमवारी ते काडीला एवढंच म्हणाले, "तुम्ही हाः करत जा. नंतर तार धुऊन घेऊ."

तेव्हापासून ती करते. आणि तिचा श्वास जाऊन परत आला की कधी कधी मागून आणखी एक येतो. जातो... अडखळतो... जातो. मला ते ऐकायलाच नको वाटायचं. काडीला मात्र आता त्याची भीती राहिली नव्हती.

"तपासू देत," म्हणायची. "त्यांचं कामच आहे ते."

पंप बदलला, नव्या तारा बसल्या. सासूबाईंचं डायलिसिस सुरळीत चाललं होतं. आम्हीही हळूहळू सावरलो. हे सगळं लिहायचं माझ्या मनातही नव्हतं.

पण आज दुपारी काडीचा फोन आला.

"वहिनी... परत येत नाहीये."

"कुठली तार?"

"सगळ्याच."

मी म्हटलं, भट्टीचं बघ. तिने बघितलं होतं. तारा पक्क्या भाजलेल्या होत्या. तिचा श्वास त्याच तारांवर जाऊन परत येत होता. साहेबांनी स्वतः करून पाहिलं, त्यांचाही येत होता. फक्त मास्तरांचा जात होता, अडखळत होता, जात होता... आणि तिथेच राहत होता. एकाही तारेवर परत येत नव्हता.

"तारांत काही नाही, वहिनी," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "ते तारांचं सांगत नाहीयेत." मग जरा थांबून म्हणाली, "आई काय करतेय?"

"झोपल्यात."

"उद्या आहे ना तिचं?"

उद्या आहे.

न्यायचं नाही म्हटलं, तर अंगात विष साठत जाणार. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलंय, एकही खाडा चालणार नाही. आणि न्यायचं म्हटलं, तर... मास्तर कशाबद्दल सांगतायत, हे आम्हाला कुठे माहीत आहे? मशीन? पाणी? की हॉस्पिटलचा यात काही संबंधच नाही?

आमचे हे म्हणतात, तुम्हा दोघींची डोकी फिरलीत. पण हॉस्पिटलात फोन करून मशीन पुन्हा तपासायला त्यांनीच सांगितलं. तिथले म्हणाले, सगळं व्यवस्थित आहे.

काडी निघालीय, पोचेल आता. मी आतल्या खोलीच्या दारात उभी राहून हे फोनवर लिहितेय. बाहेर चांगलं ऊन आहे. खाटेवर सासूबाई गाढ झोपल्यात.

त्यांना दमा नाही. आमच्या घरात कुणालाच नाही.

तरी मघापासून त्यांचा श्वास जातोय... अडखळतोय... जातोय...

आणि मग मी मोजत थांबते.

परत येतोय. आत्तापर्यंत तरी प्रत्येक वेळी परत आलाय.