आंघोळीशिवाय न जेवणारी गाडी

सोलापूरच्या होटगीकरांची गाडी आंघोळ केल्याशिवाय जेवत नव्हती. निदान सिद्धाराम होटगीकरांचं, म्हणजे गिरिजाच्या बाबांचं, तसं ठाम मत झालं होतं, आणि त्यांचं मत एकदा ठाम झालं की ते बदलण्याच्या भानगडीत घरातलं कुणी पडत नसे.

साल २०४१. घरोघरी विजेवरच्या गाड्या होत्या आणि अंगणाच्या भिंतींवर बोलके चार्जर. होटगीकरांच्या चार्जरचं नाव गुंडप्पा. अंगाने गोल, रंगाने पिवळा, आवाज हेडमास्तरांसारखा. हिवाळाभर त्याने निमूट काम केलं. ऊन तापायला लागलं तसा तो अडून बसू लागला. लाल दिवा लावायचा आणि म्हणायचा, "वीज देता येत नाही. पायाखालची जमीन सापडत नाही."

"भिंतीवर टांगलेल्याला जमीन कशाला हवी रे?" बाबा त्याच्यावर खेकसत.

मग एका रविवारी बाबांनी पाइप लावून गाडी धुतली, आणि गुंडप्पाने मुकाट्याने हिरवा दिवा लावला. पुढच्या रविवारीही तसंच. बाबांनी गल्लीभर सांगितलं, "आमची गाडी सोवळ्यातली आहे! आधी आंघोळ, मग जेवण." ज्यांना हसायचं ते हसले. समोरच्या काकूंनी मात्र गाडीला हळदकुंकू वाहिलं.

पुढे नळाचं पाणी आटलं आणि अंगणात पाइप लावायला बंदी आली. बाबांनी ओल्या फडक्याने गाडी अशी पुसली की तिच्यात बघून भांग पाडावा. तरी गुंडप्पाचा दिवा लालच.

सहावीतल्या गिरिजाला हे खटकलं. आंघोळ झाली, जेवण नाही. म्हणजे बाबांचा नियम कुठेतरी चुकत होता. पण बाबांना चुकलेला नियम सुधारण्यापेक्षा नवीन वस्तू आणणं सोपं वाटायचं. शनिवारी दुपारी ते बाजारातून एक काळी डबी घेऊन आले.

"ही चार्जरच्या वायरींमधे बसवली की तो एक शब्द बोलत नाही, दुकानदार म्हणाला. ऊन उतरलं की बसवतो. उद्या सकाळी लातूर!"

लातूरला मावशीचं डोहाळजेवण होतं. आईची हिरवी साडी इस्त्री होऊन बसली होती.

गिरिजाने डबी हातात घेतली. रिकामी असावी इतकी हलकी. कुठे तपासणीचा शिक्का नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही. तेवढ्यात धाकटा विरू अंगणात उतरला. तो नुकताच चालायला शिकला होता आणि त्याचा रस्ता ठरलेला होता: दारापासून खांबापर्यंत, खांबापासून गाडीपर्यंत, मग दोन्ही तळवे गाडीच्या पत्र्यावर टेकून गोल फेरी. पाय अनवाणी.

गिरिजाला उगाचच धाकधूक वाटली. ती अज्जांकडे गेली.

अज्जा म्हणजे तिचे आजोबा, बाबांचे वडील. त्यांनी आयुष्यभर एका प्रयोगशाळेत विजेची उपकरणं नापास करण्याचा पगार घेतला होता. घरात मात्र त्यांना कुणी काही तपासायला देत नसे. ते पोटच्या मुलालासुद्धा नापास करतील अशी धास्ती.

"अज्जा, गुंडप्पा कुठली जमीन शोधतो?"

अज्जांनी चष्मा वर सरकवला. "अखेर कुणीतरी विचारलं! हे बघ, वीज आत येते, काम करते आणि परत जाते. दोन वायरी त्यासाठी. तिसरी हिरवी वायर रोज काहीच करत नाही. ती गाडीच्या पत्र्याला जमिनीशी जोडते. तिला म्हणायचं अर्थिंग (चुकलेल्या विजेला जमिनीत उतरायची वाट). आता समज, आतली एखादी वायर सोलवटली आणि पत्र्याला चिकटली."

"पत्र्यात वीज येईल."

"येईल. पण हिरवी वाट मोकळी असली तर ती धावत जमिनीत उतरते. वीज भलतीकडे पळाली, हे रक्षक स्विचला (गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) कळतं आणि तो क्षणात पुरवठा बंद करतो. वाटच नसली तर?"

"वीज पत्र्यात थांबून राहील." गिरिजाने अंगणाकडे पाहिलं. "कुणीतरी अनवाणी येऊन हात लावेपर्यंत."

अज्जांनी नुसती मान हलवली.

"पण हिवाळ्यात वाट होती, आत्ताच कुठे गेली?"

"ते मी सांगणार नाही. जा, एक सुकलेली कुंडी आण."

अज्जांनी कुंडीत दोन खिळे थोड्या अंतरावर खोचले आणि त्यांना आपलं बॅटरीवरचं मोजयंत्र जोडलं. पडद्यावर भलामोठा आकडा आला. "हा रोध (विजेच्या वाटेतला अडथळा). आता पाणी घाल."

गिरिजाने तांब्या ओतला. माती काळी पडत गेली आणि आकडा घसरत गेला. ती बघत राहिली, आणि एकदम ओरडली, "कोरडी माती वीज नेत नाही! ओल नेते!"

"ओल, आणि तिच्यात विरघळलेले क्षार. आता सांग, आपली हिरवी वायर जमिनीत कुठे उतरते?"

गिरिजा अंगणात धावली. गाडी धुतल्यावर पाणी कुठे जायचं ते तिला आठवत होतं: उताराने फाटकाच्या कोपऱ्यात, जास्वंदीच्या कुंडीखाली. तिने कुंडी सरकवली. खाली लोखंडी झाकण, झाकणाखाली खड्डा, खड्ड्यात एक नळी आणि तिला बांधलेली वायर. भोवतीची माती भेगाळलेली.

"बाबा! आंघोळ गाडीची नव्हतीच! पाणी हा खड्डा पीत होता. फडक्याने पुसलं तेव्हा त्याच्यापर्यंत थेंबही आला नाही!"

बाबा डबी घेऊन उभे होते. "बरं, असेल. पण ही बसवली की प्रश्नच—"

"उघड ती," अज्जा म्हणाले.

पेचकसाने झाकण निघालं. आत यंत्र असं काही नव्हतंच. फक्त हिरव्या वायरची जागा वीज परत नेणाऱ्या वायरीला गुपचूप जोडलेली.

"ही वाट तयार करत नाही, सिद्धा. वाट आहे असं गुंडप्पाला खोटं सांगते. उलट कधी ती परतीची वायर तुटली, तर गाडीत काहीही बिघडलेलं नसताना पत्र्यात वीज येईल."

विरू गाडीच्या मागून फेरी पूर्ण करून आला आणि आधारासाठी त्याने बाबांचा गुडघा धरला. बाबांनी त्याला उचलून घेतलं, जरा जास्तच घट्ट.

आईने तांदूळ धुतलेलं आणि भांडी विसळलेलं पाणी बादल्यांत साठवलं होतं. ते सगळं खड्ड्यात गेलं. काही वेळाने गुंडप्पा खाकरला. "मोजतोय... जमीन सापडली." हिरवा दिवा लागला.

"हा तात्पुरता इलाज," अज्जांनी बजावलं. "सोमवारी वायरमनला बोलवायचं. कायमची ओल असते तिथवर नळी खोल घालू."

गिरिजाच्या डोक्यात मात्र दुसरंच चालू होतं. "गुंडप्पा, तू रोज जमीन मोजतोस. बाकीचे चार्जरही मोजत असतील. त्यांना विचारून सांगशील?"

"विचारतो. समोरची जमीन बेताची. देवळामागची ओली. शाळेजवळची फार कोरडी."

"अज्जा, हा तर जमिनीखालच्या ओलीचा नकाशा झाला! पावसाचं पाणी कुठे मुरवायचं ते यावरून ठरवता येईल!"

"तुझ्या वयात मला हे सुचलं नसतं," अज्जा म्हणाले. त्यांनी कुणाला पास केल्याचं घरात पहिल्यांदाच ऐकू आलं.

"कोपऱ्यावरचे बिराजदार," गुंडप्पा पुढे वाचत होता. "जमीन उत्तम. संपूर्ण गल्लीत सर्वांत उत्तम."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. बिराजदारांच्या अंगणात उन्हाने गवताची काडीही उरली नव्हती.

"दुकानदार म्हणालाच होता," बाबा पुटपुटले, "तुमच्याच गल्लीत अशी एक डबी खपली म्हणून."

त्यांनी विरूला आईकडे दिलं, उघडी डबी उचलली, पायांत चपला सरकवल्या आणि फाटकाबाहेर पडले. गिरिजा मोजयंत्र घेऊन त्यांच्यामागे धावली.