गाळातलं बारसं

दोन हजार तीनच्या मे महिन्यातली गोष्ट. सासूबाईंना, जानकाबाईंना, धरणावर न्यायचं होतं, एवढंच काम. आमचं जुनं गाव घोड नदीच्या काठी होतं. ते डिंभे धरणाखाली गेलं आणि आम्ही निरगुडसरला आलो. त्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं होतं.

डोंगरांच्या मधोमध, बशीच्या तळाला उरावं तेवढं पाणी. भोवती भेगाळलेला गाळ, त्यातून वर आलेले भातखाचरांचे बांध. मेल्या माशांचा वास. वारा पडलेला.

"हा सोमाजीचा बांध... हा आपला..." म्हणत सासूबाई चालल्या आणि एका दगडांच्या राशीपाशी थांबल्या. त्यांची पहिली मुलगी अकराव्या दिवशी गेली. बारशाआधीच. तिला इथं पुरलं होतं. गाव उठताना बायांनी गेलेल्या माणसांची नावं घेऊन हाका मारल्या होत्या, चला नव्या घरी म्हणून. हिला हाक कुठल्या नावानं मारणार?

"पुढल्या उन्हाळ्याचा काय भरोसा? आज नाव ठिवू आन् घरी नेऊ."

त्यांनी राशीतला एक दगड घेतला. त्यांनी शिवून आणलेलं टोपडं मी त्याला बांधलं. गाळातून वर आलेल्या दोन खुंटांना लुगड्याची झोळी बांधली आणि दगड तीत ठेवला.

"आन् आत्या?" मी विचारलं. "नाव आत्यानं सांगायचं ना?"

"कोंडावन्सं जाऊन तीस वर्षं झाली गं. भात कापताना करंगळी गेली, पन बारशातले धपाटे त्यांचेच लई जोराचे." त्या हसल्या. मग डोळे पुसले. "तूच हो आत्या."

मी वाकले. दगडाशी तोंड नेऊन हळूच म्हटलं, "साळू..."

पाठीत धपाटा बसला. थंडगार.

"सासूबाई, हळू!" म्हणत मी वर पाहिलं. सासूबाई समोर होत्या. दोन्ही हातांनी झोळी धरून.

"काय झालं?"

"काही नाही..."

दगड लुगड्यात गुंडाळून त्यांनी छातीशी धरला. गाडीरस्त्यापर्यंत हाक मारत होत्या, "साळू, चल गं घरी..."

घरी मी पोलकं बदललं. काढलेल्या पोलक्याच्या पाठीवर ओल्या गाळाचा पंजा उमटला होता. सासूबाईंनी बोटं मोजली. अंगठा धरून चार.

"वन्सं हायत तिच्यापाशी..." त्या खाली बसल्या. "मंग त्या कशाला सोडतील पोरीला?"

त्यांनी लुगडं सोडलं. दगड होता. टोपडं नव्हतं.

बंदांना निरगाठ मी स्वतः मारली होती.