जीपवरची तिसरी खाट

आमचं घर मिशन कंपाउंडातलं. भुताचं नाव काढलं की आई पाठीत धपाटा घालायची. त्यामुळे असलं काही लिहीन, असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

पण हे घडलंय.

ज्यांच्या बाबतीत घडलं ते माझे सख्खे मामा. शांतवनमामा. नगरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. खोटं बोलायचा त्यांना कंटाळा, आणि ही गोष्ट सांगताना तर त्यांना धड बोलताही यायचं नाही. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

साल एकोणीसशे एकाहत्तर. जानेवारी महिना. जागा... नगर जिल्ह्यातल्या अकोल्याहून राजूरला जाताना लागणारं घाटाचं एक वळण.

मामांना सहलीचा नाद होता. खरं सांगायचं तर सहलीपेक्षा सहलीच्या सामानाचा. नगर म्हणजे लष्कराचं गाव. लिलावात निघालेले तंबू, जेरीकॅन, होल्डॉल बाजारात विकायला यायचे आणि शाळा सुटली की मामा तिथं हजर. मामी म्हणायची, "मला बघायला आले तेव्हा चहा निवायच्या आत हो म्हणाले. आणि कंदील घ्यायला तीन रविवार!"

त्या वर्षी भंडारदऱ्याला, पाण्याच्या काठावर तंबू ठोकून राहायचं ठरलं. मामा आणि त्यांचा मेव्हणा दीना. दोघंच.

गाडीवरून दोघांचं वाजलं.

दीना म्हणाला, "दाजी, माझ्या मित्राचा टेम्पो घेऊ. ऐसपैस आहे. गारठा वाढला तरी आत झोपता येईल."

"तुझा टेम्पो घाटात धापा टाकील," मामा म्हणाले. "जीपच पाहिजे."

शेवटी लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप मिळाली. तिच्यात सामान मावेना. मग मामांनी वरचं कापडी हूड काढलं, आणि मागचे दोन्ही बाकही काढून टाकले. माणसं बसायची जागा गेली, सामानाची झाली. मामा खूश.

तंबू चढला. मेखा, पेट्रोमॅक्स, स्टोव्ह, घडीच्या दोन खाटा. आणि वर एक तिसरी खाट. ही घडीची नव्हती. लाकडी चौकट आणि ताणलेलं कॅनव्हास. ती सामानाच्या ढिगावर आडवी टाकून मामांनी चऱ्हाटानं आवळली.

"माणसं दोन, खाटा तीन?" दीनानं विचारलं.

"बूट ठेवायला, बसायला. जमिनीला ओल असते." मामांकडे उत्तर तयार होतं.

निघायलाच उशीर झाला. संगमनेर मागं पडलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

अकोल्यापासून एक विचित्र गोष्ट सुरू झाली. जीप दिसली की लोक रस्ता सोडून बाजूला व्हायचे. एका म्हाताऱ्यानं तर टोपी काढून हात जोडले. एका बाईनं पदर तोंडाला लावला.

"लोक आपल्याला हात का जोडतायत?" दीना म्हणाला.

"जीप बघितली नसेल कधी," मामा म्हणाले आणि हसले.

मग ते वळण आलं.

रस्त्याच्या मधोमध एक म्हातारी उभी होती. दोन्ही हात पसरून.

दीनानं करकचून ब्रेक मारला. कडेला झाडाखाली घोंगडीत गुंडाळून एक तरुण बाई बसली होती. डोळे अर्धे मिटलेले. दर श्वासाला तिच्या छातीतून घर्रर्र आवाज येत होता.

"देवासारखे आले रं बाबांनो!" म्हातारी म्हणाली. "माही लेक हाय, चांगुणा. तापानं फणफणलीया. राजूरच्या दवाखान्यापत्तोर न्या."

राजूर वाटेतच होतं. वाकडी वाट करायची नव्हती. कुठं थांबायचंही नव्हतं फारसं.

मामांनी मागं वळून पाहिलं. तंबू. जेरीकॅन. स्टोव्ह. सगळं इंचाइंचानं बसवलेलं.

"आजी, जागा नाही हो," मामा म्हणाले. "मागून एसटी येतेच आहे."

"येस्टी गेली की मघाच."

"दाजी," दीना हळूच म्हणाला, "वरची खाट इथं झाडाखाली ठेवू. येताना घेऊ. गाडी तुम्ही चालवा, तिला पुढं बसवू, मी म्हातारीला घेऊन मागं लटकतो..."

"नवी खाट आहे. कुणी उचलून नेली तर? आणि सगळं परत बांधायचं म्हणजे अंधार होईल."

म्हातारीला काही कळेना. ती एकदा मामांकडे बघायची, एकदा जीपच्या मागं.

"आजारी मानसाला न्यायाचीच गाडी हाय ना ही?" ती म्हणाली. "आमच्याकडं मानसाला खाटंवर घालून खांद्यावरनं नेत्यात. लांबून खाट दिसली, म्हनून म्या आडवी आले..."

आत्ता कळलं. अकोल्यापासून लोक हात जोडत होते ते त्यांना नव्हे. त्या खाटेवरच्या, नसलेल्या आजाऱ्याला.

"खाट रिकामीच हाय की रं बाबा," म्हातारी म्हणाली.

मामांना लाज वाटली. पण लाज वाटली की माणूस आणखी ताठर होतो. "राजूरहून गाडी पाठवतो," असं काहीतरी ते पुटपुटले आणि दीनाला म्हणाले, "चल."

जीप हलली. सुटताना मागं एक गचका बसला... जड काहीतरी चढल्यासारखा.

"खड्डा असेल," मामा म्हणाले.

राजूरला आठवड्याचा बाजार उठत होता. रस्त्यात बैलगाड्या, माणसं, गलका. मामांनी दवाखाना कुठं आहे हे विचारलंसुद्धा नाही. भंडारदऱ्याला दिवस मावळायच्या आत पोचायचं होतं.

पोचले. जागा सुरेख होती. समोर पाणी, मागं डोंगर. दोघांनी तंबू उभा केला. सामान उतरवलं. तिसरी खाट तंबूच्या दाराशी मांडली.

तिन्हीसांजा झाल्या. थंडी अशी पडली की बोटं वळेनात.

आणि मग...

कर्रर्र.

ताणलेल्या कॅनव्हासचा आवाज. कुणी कूस बदलावी तसा.

दोघंही शेकोटीपाशी होते. खाटेजवळ कुणीच नव्हतं.

"गारठ्यानं आक्रसलं असेल कापड," मामा म्हणाले. विज्ञान शिकवायचे ना. कारण सापडलं की त्यांना बरं वाटायचं.

थोड्या वेळानं ते बूट काढायला खाटेकडे गेले. टेकायला म्हणून हात ठेवला...

आणि झटकन मागं घेतला.

कॅनव्हास गरम होतं.

उन्हानं तापतं तसं नाही. सूर्य कधीच गेला होता. तापल्या अंगाखालचं अंथरूण जसं गरम लागतं, तसं. मधोमध. माणसाच्या लांबीएवढं. कडा मात्र बर्फासारख्या गार.

मामांनी दीनाला बोलावलं नाही. त्याला सांगितलंही नाही. ते नुसते उभे राहिले.

तेवढ्यात पायवाटेनं कंदील आला. जवळच्या वाडीतला भीमा. मघाशी त्याला दूध आणायला सांगितलं होतं. त्यानं चरवी खाली ठेवली, खाटेकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"बाईंना तंबूत घ्या की साहेब. भायेर लई गार हाय."

दोघांनी वळून रिकाम्या खाटेकडे पाहिलं.

"कवाधरनं कन्हत्यात त्या," भीमा म्हणाला. "पाणी तरी पाजा."

दीनाच्या हातातली कपबशी खाली पडली.

आणि आता ऐकू आलं... मामांनाही, दीनालाही.

घर्रर्र.

घर्रर्र.

दर श्वासाला.

"गाडी काढ," मामा म्हणाले. "दीना, गाडी काढ. आत्ताच्या आत्ता."

तंबू तिथंच राहिला. पेट्रोमॅक्स, स्टोव्ह, ज्याच्यापायी एवढं केलं ते सगळं भीमाच्या हवाली केलं. फक्त ती खाट मामांनी उचलली आणि जीपवर ठेवली. उचलताना ती एकट्या माणसाला झेपेना. दीनानं दुसरी बाजू धरली. दोघंही एकमेकांकडे न बघता चालले.

वाटभर मामा प्रार्थना करत होते. शब्द आठवत नव्हते. एकच वाक्य परत परत... "ती जिवंत असू दे. ती जिवंत असू दे."

रविवारच्या शाळेत ते मुलांना शेजारधर्म शिकवायचे. ते आठवलं आणि त्यांना रडू फुटलं.

राजूर ओलांडलं. वळण आलं.

जीपच्या उजेडात म्हातारी दिसली. त्याच झाडाखाली. एकटीच बसलेली. तिच्या शेजारी घोंगडी.

ती लगबगीनं उठली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता... ती हसत होती.

"आले का बाबा? कसं हाय तिला? डागदर काय म्हनला?"

"कुणाला?" मामांच्या तोंडून कसंबसं निघालं.

"कुनाला म्हंजी? चांगुणाला! तुमी न्हाई म्हनले, पर तुमची गाडी हालली तशी ती उठली. चालत गेली आन् खाटंवर जाऊन पडली. म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. जाताना मला हात केला तिनं."

दीना झाडाकडे गेला. घोंगडीचा कोपरा उचलला.

परत हळूच खाली ठेवला.

त्यानं मामांकडे बघून नुसती मान हलवली. अंग केव्हाच गार पडलं होतं.

दोघांनी तिला खाटेवर निजवलं. आता जीप रिकामी होती. चार माणसं निजतील एवढी जागा होती. म्हातारीला पुढं बसवून तिच्या वाडीवर नेलं. वाडीतली माणसं रडत होती, मानत नव्हती ती फक्त म्हातारी. "ही न्हवं माही लेक. माही लेक दवाखान्यात हाय," एवढंच ती म्हणत राहिली. गोजरबाई तिचं नाव.

मामांनी वाडीवाल्यांना आपलं नाव, शाळा, पत्ता सगळं सांगितलं. कुणीतरी यावं, चार शिव्या घालाव्यात, असं त्यांना वाटत होतं.

कुणी आलं नाही.

वर्ष गेलं. एका रविवारी मामी चर्चला गेली होती. मामांना बरं नव्हतं, म्हणून ते घरी. एकटेच. भर सकाळची वेळ, अंगणात ऊन.

दारात गोजरबाई उभी.

फडक्यात बांधलेला तांदूळ तिनं उंबऱ्यावर ठेवला. "लेकीला भेटाया आले," ती म्हणाली.

मामांनी ठरवलं, आता खरं बोलायचं. "आजी, बसा. तुमची चांगुणा त्या दिवशी..."

पण ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या खांद्यावरून आत बघत होती. मधल्या खोलीकडे. बघता बघता तिचं तोंड आनंदानं फुललं.

"भरली की वो माही पोरगी! रंग आला अंगावर!" मग ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "झोपली हाय. उठवू नका."

आणि ती वाकली. मामांच्या पायांवर तिनं डोकं टेकलं. "लेकरासारखी जपलीत तिला. देव तुमचं भलं करंल."

मामांना पाय मागं घेता आले नाहीत.

ती गेली. फाटकाबाहेर पडेपर्यंत मागं वळून आत बघत होती, हसत होती. मामा मात्र मामी येईपर्यंत उंबऱ्यावर तसेच उभे. घराकडे पाठ करून.

पुढं ते जन्मभर त्या मधल्या खोलीकडे पाठ करूनच बसायचे.

मी एकदा विचारलं होतं, "मामा, त्या दिवशी तुम्ही वळून पाहिलं का नाही?"



"वळलो आणि तिथं कुणी नसलं, तर म्हातारीला काय सांगू?" ते म्हणाले. "आणि असलं... तर चांगुणाला काय सांगू?"